खोट्याला गोल

भिंगताईचा विश्वास कोणावरच नव्हता, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. दूधवाल्याने दूध घातलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघे आणि मग भांड्याकडे. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर पाकिटावरची तारीख दोनदा वाचे, एकदा चष्म्याने आणि एकदा भिंगाने. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी नवरा जरा बाहेर जाऊन आला की तिची उलटतपासणी सुरू. तो बिचारा केस कापायला गेलेला असे.

"अगं, कापलेले दिसतायत की," तो डोकं पुढे करून म्हणे.

"दिसतायत. पण एवढ्याशा केसांना दीड तास?"

नवरा हसून घ्यायचा. पस्तीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता, की या बाईपुढे खरं बोललं तरी आरोपी आणि खोटं बोललं तरी आरोपी. मग खरं बोललेलं बरं, लक्षात तरी राहतं. घरातली भाजीही तोच चिरायचा. ताईचं सुरीशी वाकडं होतं. नऊ वर्षांची असताना अंगठ्यात सुरी घुसून चार टाके पडले, तेव्हा आईने सुरी काढून घेतली ती घेतलीच. पुढे स्वतःच्या संसारातही ताईने सुरीला हात लावला नाही.

तिचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीतली जिन्याखालची खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, त्याच्याही मागे जस्ताची एक लांबट टाकी, पाण्याने भरलेली. भिंतीवर बांबूच्या काठ्या टांगलेल्या, फडताळात पितळी रिळं, आणि खणांत कापसावर ठेवलेल्या लाकडी मासोळ्या. मासे धरायला जाणारे ही मासोळी दोऱ्याला बांधून पाण्यात फेकतात आणि ओढतात. मोठ्या माशाला वाटतं, आलं पोरगं तावडीत. तो झडप घालतो आणि पोटाखालच्या गळात अडकतो. म्हणजे ही वस्तूच मुळात फसवायला केलेली. आणि तिच्यातली फसवणूक शोधणं हा ताईचा धंदा.

कारण गावात, आणि गावाबाहेरही, जुन्या सामानाने मासे धरणाऱ्यांचं एक वेड बोकाळलं होतं. बाजारात प्लास्टिकच्या चकचकीत मासोळ्या डझनाने मिळतात, रिळं अशी की बोट लावलं की दोरा पाऊण तळं ओलांडून जातो. ते सगळं सोडून ही शहाणीसुरती माणसं पन्नास वर्षांपूर्वीची काठी शोधत फिरत, जी उन्हात ठेवली तर वाकते आणि पावसात ठेवली तर फुगते. त्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचे सेक्रेटरी होते दातांचे डॉक्टर. जुन्या रिळाची करकर ऐकताना त्यांचे डोळे मिटायचे.

"ताई, नव्या रिळाने काय होतं, मासा येतो आणि संपतं," ते एकदा सांगत होते. "याच्यात माझं बोट ब्रेक आहे. दोरा किती सोडायचा ते माझ्या बोटाला कळायला हवं. चुकलो तर गुंता. आणि ही मासोळी बघा, रंग उडालाय, दातांचे वण पडलेत. माझ्याआधी कोणीतरी हिच्यावर अख्खी सकाळ घालवलीय. त्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं हो."

"तो माणूस कोण होता ते माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग शेजारी कशाला बसता?" ताई म्हणाली आणि मासोळी भिंगाखाली घेतली.

बोलणं असं, पण मनातून तिलाही या वस्तूंचं वेड होतं. तिच्या वडिलांनी उभा जन्म याच कोरण्यात घालवला होता. खोक्यांच्या हलक्या फळ्यांतून ते मासोळी काढत. कोरून झाली की रंगाच्या आधी टाकीत ओढून बघत आणि पोटावर पेन्सिलीने निकाल लिहीत: चालतो, बुडतो, सरळ. निकाल चांगला लागला तरच रंग. आणि अगदी मनासारखी उतरली तर तिला काचेचे डोळे. बाहुल्यांच्या कारखान्यातून आणलेली पिवळ्या डोळ्यांची एकच डबी त्यांच्याकडे होती, म्हणून बाकीच्यांना पितळी चुकांवर, म्हणजे बारीक खिळ्यांवर, भागवावं लागे. वडील गेल्यावर मंडळवाल्यांनी त्यांच्या मासोळ्यांना डोक्यावर घेतलं आणि मागोमाग नकला करणारे उगवले. नवं लाकूड चहाच्या पाण्यात भिजवायचं, भट्टीत भाजून रंगाला तडे पाडायचे, खिळ्याने टोचून दातांचे वण करायचे, आणि सांगायचं की बाबांच्या हातची आहे.

ताईने त्यांना सोडलं नाही. खिळ्याचे दात सगळे एका मापाचे असतात, माशाचे नसतात, हे तिने दातांच्या डॉक्टरांच्याही आधी ओळखलं. ती वास घ्यायची, गळाच्या भोकांत बारीक तार घालायची, शेपटीवरचे सुरीचे काप मोजायची. आणि दुकानात पाटी लावली होती: तपासायला दिलेली वस्तू खोटी निघाल्यास तिच्या पोटावर खूण केली जाईल. खूण म्हणजे तापवलेल्या तारेने डागलेला वाटाण्याएवढा गोल. तो घासून जात नसे, पुसून जात नसे. खऱ्याला शिक्क्याची चिठ्ठी, खोट्याला गोल. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या, पण ताई म्हणजे ताई. बाबांचं नाव ही तिच्याकडे एकच शिल्लक ठेव होती आणि त्या ठेवीला कोणी भोक पाडलेलं तिला खपत नव्हतं.

मंडळाला तिने दोन नियमही घालून दिले होते. वर्षातून एकदा तळ्यावर जी स्पर्धा होते, तिच्यात पन्नास वर्षांहून जुनी मासोळीच चालेल, तीही चिठ्ठीसकट. आणि स्वतःच्या मालाची खात्री कोणी स्वतः द्यायची नाही. हा दुसरा नियम जुनं सामान विकणाऱ्यांसाठी होता, कारण ते लोक स्वतःच्या आजीलाही अस्सल पुरातन म्हणून विकतील असं तिचं मत होतं.

स्पर्धेला चार दिवस असताना होडीवाले काका दुकानात आले.

काका ऐंशीच्या घरातले. तळ्यावर माणसं इकडून तिकडे नेण्याचं काम त्यांनी चाळीस वर्षं केलं आणि आता पलीकडच्या काठाला राहत. ताई त्यांना तोंडओळखीने ओळखत होती; बाबांच्या बाजूला बसून मासे धरायचे एवढंच तिला ठाऊक. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून आणखी एक रुमाल, आणि त्यातून मासोळी.

"तुझ्या वडिलांनी दिलेली आहे पोरी. यंदा चिठ्ठी लागते म्हणे. पंचवीस वर्षं झाली, मी तीन नंबरच्या दगडावर बसतोय, कोणी चिठ्ठी मागितली नव्हती."

"आता मागतात. इतकी वर्षं कुठे होती ही? मी कधी बघितली नाही."

"घरी आणू नकोस म्हणून तुझ्या वडिलांनीच बजावलं होतं. म्हणाले, हिच्यावरून आमच्याकडे रक्त सांडलंय."

झालं. ताईच्या भुवया वर गेल्या. इतक्या वर्षांत तिने कितीतरी कहाण्या ऐकल्या होत्या. पणजोबांच्या पेटीत सापडली, माळ्यावरून पडली, मगरीच्या पोटातून निघाली. पण रक्त सांडल्याची कहाणी पहिलीच. जितकी कहाणी रंगीत तितका माल कच्चा, हा तिचा अनुभव होता.

तिने भिंग डोळ्याला लावलं. लाकूड बाबांच्या खोक्यांचंच, हलकं, बारीक रेषांचं. जुनेपणात शंका नाही. दातांचे वण खरे, इतके की रंग नावाला उरला होता. डोळे बघताना तर तिने भिंग आणखी जवळ नेलं. पिवळे, काचेचे, बाबांच्या डबीतले. मग तिने शेपटी वळवली आणि भिंग तिथेच थांबलं. काप उलटे होते. बाबांची सुरी डावीकडून उजवीकडे उतरायची. ही उजवीकडून डावीकडे उतरली होती, प्रत्येक काप, डोक्यापासून शेपटीपर्यंत. हनुवटीखाली बाबांच्या नेहमीच्या दोन रेघा नव्हत्या. एक गाल दुसऱ्यापेक्षा जाड. ती उठली, मासोळी टाकीत सोडली आणि दोरा ओढला. मासोळी दोन वीत सरळ गेली आणि मग डाव्या अंगाला कलंडून लंगडत, अडखळत आली.

"बाबांची मासोळी कधी लंगडली नाही," ताई म्हणाली.

"लंगडते म्हणून तर मोठा मासा येतो. त्याला वाटतं, जखमी आहे."

"लंगड्या मालाची तारीफ विकणाराच करतो, काका."

"मी कुठे विकतोय?"

हे ऐकून तिचा संशय वाढला. न विकणारा माणूस तिला विकणाऱ्यापेक्षा धोक्याचा वाटे. त्याचा डाव काय आहे ते कळत नाही.

"ही बाबांच्या हातची नाही. कोणा डावखुऱ्याने केलीय, आणि तोही शिकाऊ. पाटी वाचलीत ना?"

काकांनी पाटीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, पण ते भांडले नाहीत. "तुझी खात्री आहे ना, पोरी?"

"खात्री नसती तर तार तापवली नसती."

तार लाल झाली. लाकडाचा जळका वास खोलीत पसरला. काकांनी मासोळी एका रुमालात, मग दुसऱ्या रुमालात गुंडाळली आणि ते जिन्याखालून वाकून बाहेर पडले. दारात म्हणाले, "माझ्याकडे ही एकच होती." एवढंच.

ताईने हात धुतले. पण डोळे तिच्या डोक्यातून जाईनात. दुपारी जेवताना नवऱ्याने दोनदा भात वाढू का विचारलं, तिने दोनदा "काचेचे" असं उत्तर दिलं. खोटी मासोळी करणारा खरे डोळे वाया घालवतो? आणि आणले कुठून? बाबांच्या मागे सगळ्याची वाटणी झाली तेव्हा भिंग आणि हिशेबाची वही तिच्याकडे आली. कामाचं टेबल, हत्यारं आणि डोळ्यांची डबी गेली दादाकडे. दादाकडे!

दादावर तिचा संशय आजचा नव्हता. तो दोन गल्ल्या सोडून राहायचा, खुर्च्यांना वेत विणून द्यायचा, बायको गेल्यापासून एकटाच. कधी आवाज चढवायचा नाही. इतका शांत माणूस काहीतरी लपवत असणारच, असं ताईचं गणित. शिवाय दोन वर्षांपूर्वी ती अचानक त्याच्याकडे गेली होती तेव्हा त्याने घाईघाईने एक बिस्किटांचा डबा माळ्यावर सारला होता. तिने विचारलं तर म्हणाला, "खिळे आहेत." खिळे कोणी माळ्यावर ठेवतं का? डब्याचा आवाज खिळ्यांचा नव्हता. ती तेव्हा गप्प बसली, पण तो आवाज तिने जपून ठेवला होता. लाकडावर लाकूड वाजल्याचा.

आता सगळं जुळत होतं. जुनं लाकूड दादाकडे, हत्यारं दादाकडे, डोळे दादाकडे. दादा डावखुरा नव्हता हे खरं. पण ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम डाव्या हाताने कोरलं असेल! आणि हे म्हातारे होडीवाले काका, यांना पुढे केलं असेल. सख्ख्या भावाने बापाच्या नावावर नकला विकाव्यात, या विचाराने तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेताच्या भाऱ्यावरून उडी मारून दादाच्या खोलीत शिरली.

"डबा काढ."

दादा खुर्चीची बैठक विणत होता. "कुठला डबा?"

"खिळ्यांचा. काढ. बाबांचं नाव विकून खातोस आणि वर मला विचारतोस कुठला डबा! काल होडीवाल्या काकांना तूच पाठवलंस ना? काचेचे डोळे, खोक्याचं लाकूड, सगळं बाबांचं, आणि हात तेवढा तुझा. डावा हात!"

दादाने विणकाम खाली ठेवलं. "होडीवाले काका आले होते? मासोळी घेऊन? मग तू काय केलंस?"

"जे करते तेच. गोल."

दादा खुर्ची बाजूला सारून उठला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, राग नव्हता. ताईला त्याचा अर्थच लागेना, आणि अर्थ न लागलेली प्रत्येक गोष्ट तिच्या लेखी पुरावा होती.

"मी डाव्या हाताने कोरतो असं तुझं म्हणणं आहे," तो म्हणाला. त्याने टेबलावरून बाबांची जुनी सुरी उचलली, डाव्या हातात धरली आणि फळीच्या एका तुकड्यावर चालवायचा प्रयत्न केला. सुरी घसरली, परत घसरली, एक ढलपी वाकडीतिकडी निघाली. शेवटी कसाबसा एक काप बसला, तोही उंदराने कुरतडल्यासारखा.

"नाटक करू नकोस! मुद्दाम करतोयस. इतका जड हात नाही त्या माणसाचा. तो असा घेतो, आतून," आणि ताईने त्याच्या हातातून सुरी हिसकावली, फळी पोटाशी धरली, "असा, अंगठा टेकवून, आणि मग सरळ खाली—"

ढलपी कागदासारखी सुटली. मग दुसरी. तिसरी. उजवीकडून डावीकडे उतरलेले तीन काप, एकासारखा एक. ताईचा हात थांबला.

सुरी तिच्या डाव्या हातात होती. फळी उजव्या हातात, आणि उजव्या अंगठ्यावर टाक्यांचा पांढरा वण. ती लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, तार धरायची उजव्या हाताने. शाळेतल्या बाईंनी आणि आईने मिळून ते करून घेतलं होतं. पण सुरी तिच्याकडून उजव्या हाताने कोणी गिरवून घेतली नव्हती, कारण सुरी पुन्हा तिच्या हातात दिलीच नव्हती. जगातल्या यच्चयावत माणसांवर तिने संशय घेतला होता, स्वतःवर घ्यायचा तेवढा राहून गेला होता.

"ती तर शेगडीत टाकली होती," ती म्हणाली. तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा झाला होता. "बाबांनी मला सांगितलं होतं. मी रात्री पट्टी बांधून झोपले, सकाळी विचारलं माझी मासोळी कुठे, तर म्हणाले, शेगडीत गेली. चांगली झाली नव्हती म्हणून जाळली. मला कळलं होतं."

"चांगली झाली नव्हती असं ते म्हणाले?"

ताई आठवत राहिली. नाही. असं ते म्हणाले नव्हते. ते फक्त म्हणाले होते, गेली शेगडीत. बाकीचं तिने स्वतः भरून घेतलं होतं, आणि बावन्न वर्षं त्यावर निभावलं होतं. वाईट वस्तू डागण्याच्या लायकीची असते हे तिला त्या सकाळीच कळलं होतं, असं तिला वाटत होतं.

"आईने शपथ घातली होती त्यांना," दादा म्हणाला. "पोरीच्या हातात पुन्हा सुरी द्यायची नाही. तू तर पट्टी असतानाच पुन्हा कोरायला निघाली होतीस. मासोळी डोळ्यांसमोर राहिली तर तू ऐकणार नाहीस, म्हणून ते तसं बोलले. घरात ठेवता येईना, टाकवेना, म्हणून काकांना दिली. मी बारा वर्षांचा होतो, मलाही बजावलं, हिला सांगायचं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं."

त्याने स्टूल ओढलं, माळ्यावरून डबा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "हे तुला दाखवायला घाबरत होतो. सगळ्या वाकड्या आहेत आणि रेघा नाहीत. तू बघशील आणि तार तापवशील."

डब्यात अकरा मासोळ्या होत्या. बिनरंगाच्या, बिनडोळ्यांच्या. ताईला भिंग लागलं नाही. सगळ्यांचे काप डावीकडून उजवीकडे उतरलेले, हात बाबांचा. पण घाट बाबांचा नव्हता. प्रत्येकीचा एक गाल जाड केलेला, प्रत्येकीची शेपटी जरा डावीकडे मुरडलेली. तिने एक उलटी केली. पोटावर पेन्सिल: सरळ. दुसरी: सरळ. तिसरी: बुडतो. चौथी: थोडा. पाचवी: सरळ. ती एकेक करून टेबलावर मांडत गेली. बाबा, ज्यांच्या नकला सारं गाव करत होतं, ते कोणाची तरी नक्कल करत बसले होते. एकदा नाही, अकरा वेळा.

अकरावीच्या पोटावर अक्षर बारीक होतं. पोरीच्यासारखा नाही.

ताई दादाच्या अर्ध्या विणलेल्या खुर्चीवर बसली, बैठक खचली, तरी बसून राहिली. तिला खूप रडू आलं. या वेळी त्यात राग नव्हता. दादाने तिला पाणी दिलं. ग्लास हातात घेऊन तिने आधी आत बघितलं आणि मग प्यायली, सवय जाते थोडीच.

रविवारी सकाळी ती तळ्यावर पोचली तेव्हा दगडांवर नंबर मांडून झाले होते. माणसं टोप्या घालून आपापल्या काठ्या पुसत होती. तीन नंबरचा दगड रिकामा. काका दोरीच्या बाहेर, बाभळीखाली बसले होते, बघ्यासारखे. ताई तडक त्यांच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं, एकही शब्द आपल्या बाजूने न फिरवता. काकांनी रुमालातला रुमाल सोडला, मासोळी तळहातावर घेतली आणि पोटावरच्या गोलावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे रक्त सांडलं होतं ते तुझं."

"माझं. काका, मला माफ करा. हा गोल जाणार नाही. मी घासून बघू शकते, पण लाकूड जाईल."

"राहू दे. माशाला पोटावर काही लिहिलेलं दिसत नाही."

ताईने चिठ्ठी लिहून आणली होती. करणाऱ्याच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिताना तिचा हात दोनदा अडला होता. ती चिठ्ठी तिने दातांच्या डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, मासोळी उलटी केली, गोल बघितला, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग ते ज्या नजरेने ताईकडे बघायला लागले ती नजर तिच्या चांगलीच ओळखीची होती, फक्त आजवर ती या बाजूने कधी बघितली नव्हती.

"ताई, बुधवारी खोटी. रविवारी खरी. आणि करणाऱ्या तुम्हीच, सही करणाऱ्याही तुम्हीच?"

"हो."

"वय तेव्हा नऊ?"

"हो. अंगठा बघा हवा तर."

"अंगठा बघतो मी, पण..." डॉक्टर ओशाळले. "स्वतःच्या मालाची खात्री स्वतः द्यायची नाही. नियम तुमचाच आहे. तुमच्यासाठी मोडला तर उद्या सगळे दुकानदार रांगेत उभे राहतील."

ताईला त्यांचा रागही येईना. ती त्यांच्या जागी असती तर तिने एव्हाना तार तापवली असती. तिने पिशवीतून दुसरी वस्तू काढली. "मग ही घ्या. माल माझ्या भावाचा, हात वडिलांचा, वय पन्नासच्या वर, काप बघा, पेन्सिल बघा. शिक्का मी देते. बिनरंगाची आहे, पण चालते." ती बाबांची चौथी होती, जिच्यावर 'थोडा' लिहिलं होतं. आदल्या दिवशी दादाने तिला गळ बसवून दिले होते.

डॉक्टरांनी अर्धा तास बघितली आणि तीन नंबरचा दगड काकांना परत मिळाला. खरी मासोळी, गोल डागलेली, दोरीच्या बाहेर ताईच्या पिशवीत राहिली. तिची नक्कल शिक्क्यानिशी पाण्यात गेली. दिवसभर काकांनी जुनं पितळी रीळ करकर फिरवलं. बाबांची चौथी जरा कलल्यासारखी करायची आणि पुन्हा शहाण्या मुलीसारखी सरळ यायची. मासे तिच्याकडे ढुंकून बघत नव्हते. काकांना एकही मासा मिळाला नाही, आणि शिट्टी वाजली तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "तुझ्या बापाने खरं तेच लिहिलंय हिच्यावर. प्रामाणिक माणूस."

लोक सामान आवरून निघाले. ऊन उतरलं होतं. काकांनी चौथी सोडली, ताईकडे हात पुढे केला आणि तिची मासोळी दोऱ्याला बांधली. मग काठी तिच्या हातात दिली. तिने उजव्या हातात धरली.

"डाव्या," काका म्हणाले.

पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी झाडात जाता जाता वाचली. तिसरी पाण्यात पडली, फार लांब नाही. ताईने बोट रिळावर टेकवलं आणि दोरा हळूहळू ओढू लागली. पाण्याखाली मासोळी दोन वीत सरळ आली आणि मग डाव्या अंगाला कलंडली, लंगडली, अडखळली. बावन्न वर्षांनी तिला आपलं काम चालताना दिसत होतं. मग दोरा एकदम ताठ झाला.

"अडकली कशात तरी," ताई म्हणाली. "तळाशी गवत असणार. तुम्हाला माहीत होतं काका, मुद्दाम मला इथे उभं केलंत."

"ओढून बघ."

"गवतच आहे. मला कळतं."

ते गवत उजवीकडे पळायला लागलं.